बरणीतल्या अर्ध्या दाढा

दाढेची एक बाजू अगदी दाढेसारखी होती — चार टेकड्या, मधली दरी, दरीतून निघालेली बारीक चर, जिच्यात पुढे कधीतरी कुणाच्या तरी जेवणातला कण अडकायचा होता आणि तो गृहस्थ चारचौघांत जिभेने चाचपत बसायचा होता — आणि दुसरी बाजू म्हणजे नुसता ठोकळा. पांढरा, गुळगुळीत, आपल्याला दाढ व्हायचंय याचा पत्ताच नसलेला. त्याने ती चिमटीत धरून खिडकीकडे केली. टेकड्या संपून ठोकळा सुरू होत होता तिथे एक ओरखडा होता, बोलता बोलता कुणी उठून गेल्यासारखा...

एकोणिसावी.

त्याने कागदाच्या कपट्यावर लिहिलं, 'सुमारे सव्वादहा, चहाच्या आधी', कपटा दाढेला चिकटवला आणि दाढ बरणीत टाकली. टक्. बरणी मूळची कॉफीची. ती टेबलावर आल्यापासून एक फायदा झाला होता: 'पासवर्ड विसरलो' म्हणून त्याच्याकडे येणारे निम्म्यावर आले होते. लोक दारात यायचे, बरणीकडे बघायचे, आणि त्यांना पासवर्ड आठवायचा.

हा दातांचा कारखाना होता. इथे तोंडं येत नाहीत, त्यांचे फक्त आकार येतात. कुठल्या तरी डॉक्टरसमोर कुणीतरी आ वासतं, त्या आ-चा नकाशा तारेवरून इथे पोचतो, वरच्या मजल्यावरच्या मुली पडद्यावर त्यात दात बसवतात, आणि मग तो दात सर्व्हरकडून तळमजल्यावरच्या चक्कीकडे जातो. चक्की म्हणजे सिरॅमिकचा ठोकळा धरून रेघेरेघेने दात कोरणारं यंत्र. सर्व्हर तिला सांगत राहतो — आता इथे, आता जरा खाली, आता डावीकडे — आणि ती ऐकत राहते. स्वतःच्या डोक्याने ती काही करत नाही, त्यामुळे तिच्यावर कधी कुणी रागावत नाही. सर्व्हर बोलायचा थांबला की चक्कीही जागच्या जागी थांबते, आणि थांबलेली दाढ पुन्हा सुरू करता येत नाही. ती गेली. ती बरणीत.

आणि गेले सहा आठवडे सर्व्हर मधूनच बोलायचा थांबत होता.

चाळीस सेकंद. कधी पस्तीस, कधी पन्नास. पडद्यावरचा बाण जिथे असेल तिथे खिळायचा, रिसेप्शनवरची पावती अर्धी बाहेर येऊन लोंबायची, वरच्या मुली हात मांडीवर ठेवून फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या बसायच्या — आणि मग सगळं सुरू. जणू काही झालंच नाही. सर्व्हरला विचारावं, काय रे, काय झालं होतं, तर त्याचं म्हणणं, कुठे काय. युनिक्सच्या घराण्यातलं मशीन, वर्षानुवर्षं बंद न पडण्याबद्दल नावाजलेलं कूळ. आणि खरंच, ते बंद पडत नव्हतंच. बंद पडलं असतं तर सरळ होतं. बंद पडलेल्या गोष्टीपाशी माणूस पाना घेऊन जाऊ शकतो. मधूनच गप्प होणाऱ्यापाशी काय घेऊन जायचं...

त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःची रोजनिशी लिहितो तिच्यात, त्या चाळीस सेकंदांबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण रोजनिशी लिहिणाराही त्याच चाळीस सेकंदांत गोठलेला. हे त्याला फार अन्यायाचं वाटे. घरात चोरी झाली आणि पंचनामा करायला चोरासोबत बांधून ठेवलेल्या रखवालदाराला बसवलं, तसं. एकदाच, तेराव्या दाढेच्या वेळी, तो टर्मिनलपुढे डोळ्यांत तेल घालून बसलेला होता, आणि सुटका झाल्याक्षणी त्याने चालू कामांची यादी मागवली, तर जवळजवळ प्रत्येक कामापुढे एकच अक्षर. त्या अक्षराचा अर्थ पुस्तकात असा दिला आहे, की हे काम अशा झोपेत आहे, जिच्यातून त्याला उठवता येत नाही. उठवता येत नाही आणि मारताही येत नाही. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं होतं. मग उठून पाणी प्यायला होता. एखाद्या तांत्रिक पुस्तकाने माणसाशी असं बोलायचं काही कारण नाही.

आज चार वाजता सुटवाला येणार होता.

सुटवाल्याची कंपनी सगळ्यांचे सर्व्हर काढून नेते आणि त्यांचं काम लांब कुठेतरी, ढगात, चालवते. म्हणजे ढगात चालवत नाहीत, दुसऱ्या गावच्या मोठ्या खोलीत चालवतात, पण ढग म्हटलं की कागदांवर सह्या लवकर होतात. करारपत्र तयार होतं. सर्व्हर गेला की सर्व्हरची काळजी घेणाराही गेला, हे त्यात लिहिलेलं नव्हतं, पण लिहायची गरज नव्हती. काल मॅडमनी — कारखाना त्यांचा — त्याला बोलावून सांगितलं होतं, "चारपर्यंत कारण सांग. दुरुस्ती नंतर केलीस तरी चालेल, पण मला कारण सांग. कारण नसलेल्या गोष्टींची मला भीती वाटते."

"मलाही," तो म्हणाला होता.

"तू नको घाबरूस. तुला त्याचा पगार आहे."

कारणं काही कमी नव्हती. कारखान्यात प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि प्रत्येकाची आपल्या कारणावर निष्ठा होती. रिसेप्शनवरच्या बाईंचं म्हणणं, त्या शिंकल्या की अडकतं. त्याने हसण्यावारी नेलं नाही — तो शास्त्रीय वृत्तीचा माणूस होता — त्याने मिरपुडीची डबी आणली आणि एका गुरुवारी एक जबाबदार पदवीधर अर्धा तास एका बाईंना शिंक आणण्याचा प्रयत्न करत उभा राहिला. बाई सात वेळा शिंकल्या. सर्व्हर ढिम्म. आठव्यांदा तो स्वतः शिंकला आणि तेव्हा सर्व्हर अडकला. मग पुढचे दोन दिवस तो स्वतःबद्दल साशंक राहिला. दातांना रंगाची छटा देणाऱ्या कारागिरीणबाईंच्या मते मशीनला दाढा आवडत नाहीत. बघ ना, बरणीत सुळा आहे का एकतरी? नव्हता. चार दिवस त्याने दाढांवर संशय धरला, दाढांच्या फायली उघडून उघडून पाहिल्या, पाचव्या दिवशी आंघोळ करताना त्याच्या लक्षात आलं, की दाढ कोरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून कधीही अडकलं तरी चक्कीत बहुतेक दाढच असणार. साबण हातात तसाच. चार दिवस. शिकलेल्या माणसाचे चार दिवस.

बारा वाजले. बारा वाजता बाबांना फोन.

हेही सहा आठवड्यांपासूनच. बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहतात. आई गेल्यावरही तिथेच राहिले. सहा आठवड्यांपूर्वी ते स्वयंपाकघरात चक्कर येऊन खाली बसले — पडले असं ताई म्हणते, बसलो असं बाबा म्हणतात — तेव्हा तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळीकडे यंत्रं लावून पाहिली आणि म्हणाले, वय झालंय, दुपारी झोपत जा, आणि चक्कर आली की नोंद ठेवा. तेव्हापासून तो नऊ, बारा, तीन, पाच आणि आठला फोन करतो. त्याची एक वही आहे. चक्करांची वही. रकाने आखलेली.

"ठीक आहे," बाबा फोन उचलल्या उचलल्या म्हणाले. ते आता हॅलो म्हणत नाहीत, वेळ वाचतो.

"जेवलात?"

"बाराला? मी काय शाळेत आहे? तुझं ते यंत्र बोलायला लागलं का?"

"आज चारपर्यंत सापडलं नाही तर मलाच बोलणं बंद."

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि त्या थोड्या वेळात — दोन सेकंद, फार तर तीन — त्याने खुर्चीची कड घट्ट धरली.

"बाबा?"

"अरे, आहे. विचार करतोय. विचार करू देशील का नाही. आम्ही दुकानात शिरलो ना, की दाराबरोबर वारा आत यायचा, आणि पारडं हलायचं. नवीन असताना मी त्या हलत्या पारड्याचे आकडे लिहून घ्यायचो. साहेबांनी वही फेकून दिली. म्हणाले, आधी नुसते उभे राहा. पारडं थांबेपर्यंत आकडा वाचायचा नाही."

"मग?"

"मग काही नाही. आठवलं म्हणून सांगितलं. तुझ्या यंत्राला पारडं असतं का?"

नसतं. त्याने वहीत लिहिलं: बारा, ठीक.

आणि दुपारी पाऊण वाजता, डबा खाऊन, खिशात हात घालून तो चक्कीच्या खोलीत गेला. कारण असं काही नव्हतं... वरच्या खोलीत आता बघायला काही उरलं नव्हतं; सगळे आलेख त्याने पाहून झाले होते, त्यातले काही उलटे धरून. चक्कीवाले काका यंत्राच्या काचेसमोर स्टुलावर बसले होते. पूर्वी, चक्की यायच्या आधी, ते हाताने दात घडवायचे — एकवीस वर्षं — आणि आता यंत्र ते काम करतं आणि काका यंत्राकडे, आपल्या पोरीचं सासर कसं आहे बघायला आलेल्या बापासारखे बघत असतात. त्याने बरणी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय, नैवेद्य?"

"काका, आज माझा शेवटचा दिवस आहे बहुतेक. म्हटलं तुमची पोरं तुम्हाला परत करावी."

काकांनी एक दाढ काढली, चष्मा कपाळावर चढवला, दाढ डोळ्याशी नेली. मग त्यावरचा कपटा वाचला. "'सुमारे अकरा.' हे कुणी सांगितलं?"

"वरच्या मुलींनी."

"ही अकराची नाही. ही कोरायला घेतली तेव्हापासून तेवीस मिनिटं चालली आहे. हे बघ, मागची चढण झालीय, बोळ अजून सुरू नाही. तेवीस. फार तर साडेतेवीस."

"तुम्हाला कसं कळतं?"

"तुला पोळी कच्ची आहे हे कसं कळतं?"

"पण काका, सुरू कधी झाली ते कुठे माहिती आहे?"

काकांनी स्टुलावरून न उठता हात लांबवून खण ओढला. खणात चिठ्ठ्या होत्या, रबराने बांधलेल्या गड्ड्या. प्रत्येक दाताची वेळ, पेन्सिलीने. ठोकळा लावला की भिंतीवरच्या घड्याळात बघून ते वेळ लिहितात. हाताने दात करायचे तेव्हापासूनची सवय. चक्कीला त्याची गरज नाही. कुणालाच त्याची गरज नाही.

तो त्या गड्ड्यांकडे बघत राहिला. सहा आठवडे. सहा आठवडे मी आलेख काढले, मिरपूड आणली, आणि इथे सोळा पायऱ्या खाली...

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंस कुठे?"

मग दोघांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर एकोणीस दाढा मांडल्या. काका एकेक उचलत, वळवत, मिनिटं सांगत. तो चिठ्ठीवरच्या वेळेत ती मिळवत जाई. खिडकीतून एखाद्याने पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोन माणसं फार गंभीरपणे एखाद्या अनोळखी खेळाचा डाव खेळताहेत आणि दोघेही हरताहेत. मध्ये चक्कीतला दात बदलायला काका उठले, मध्ये काकांना चहा लागला. नऊ पंचावन्नला लावली, बावीस मिनिटं — दहा सतरा. अकरा चाळीस, सतरा मिनिटं — अकरा सत्तावन्न. दोन सदतीस. चार सतरा. नऊ सदतीस...

"गाडी वेळेवर येतेय तुझी," काका म्हणाले.

सतरा, सदतीस, सत्तावन्न. दर वीस मिनिटांनी नव्हे, मधल्या कितीतरी गाड्या गाळलेल्या. पण आली की याच मिनिटाला. आणि हे आकडे त्याला ओळखीचे वाटले — गर्दीत पाठमोरा दिसावा आणि चाल ओळखीची वाटावी तसे, हा कोण बरं, हा तर आपल्यातलाच... तेवढ्यात घड्याळात तीन वाजलेले त्याला दिसले.

तीनला बाबा. फोन वाजत राहिला. सहा, सात, आठ. मोबाइल पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलेला असतो, कारण रेंज तिथेच येते. दहा. अकरा. आतापर्यंत त्याच्या मनाने रुग्णवाहिका बोलावली होती, ताईला कळवलं होतं, आणि ताईने 'मी म्हणत होते' असं म्हणूनही झालं होतं.

"ठीक..." बाबा धापा टाकत म्हणाले. "थांब. भिंत धरतो जरा."

"चक्कर येतेय?"

"झोपलो होतो. धावत आलो. ... हं. गेली. बोल."

"काही नाही. सहज केला."

"सहजच. रोज तीनला सहज."

त्याने वहीत लिहिलं: तीन, चक्कर, सौम्य. आणि रेघ मारताना त्याचं पेन थांबलं, कारण रेघ मारणाऱ्या हातानेच त्याला सांगितलं, की सतरा हा आकडा तुझाच आहे.

चार वर्षांपूर्वी, नोकरीला लागला त्या आठवड्यात, त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्कांना ओळीने विचारायचं, तू ठीक आहेस का, आणि सगळ्यांनी हो म्हटलं की लॉगमध्ये एक ओळ लिहायची: सर्व ठीक. दर वीस मिनिटांनी. बाकी सगळे लोक अशा गोष्टी पूर्ण ठोक्याला लावतात, म्हणून त्या वेळी मशीनवर गर्दी होते. म्हणून त्याने हुशारीने सतरा निवडला होता. सतरा, सदतीस, सत्तावन्न. आणि गेले सहा आठवडे तो लॉग वाचायला घ्यायचा तेव्हा सगळ्यात आधी काय करायचा? 'सर्व ठीक'च्या ओळी गाळून टाकायचा. दिवसाला बहात्तर ओळी, नुसता पाचोळा, नजरेला अडथळा. चोर शोधायला निघताना त्याने यादीतून पहिलं नाव स्वतःचं खोडलं होतं, आणि तेही नीटनेटकेपणाच्या आवडीने.

तो सोळा पायऱ्या चढून वर गेला. वर गेला म्हणजे धावला. उरलेलं दहा मिनिटांत उलगडलं. सगळ्यात खालच्या खणात एक जुनी डिस्क होती, अकरा वर्षांपूर्वीची तोंडं सांभाळणारी. ती तोंडं कुणी मागत नाही, पण टाकायचीही नसतात. डिस्क घरघरायची. सहा आठवड्यांपूर्वी, बाबांना डॉक्टरांकडून घरी सोडून तो कारखान्यात परत आला, ती घरघर ऐकली, आणि त्याला एकदम वाटलं, की थकलेल्याला झोपू द्यावं. त्याने तिला सांगितलं, वीस मिनिटं कुणी काही मागितलं नाही तर तू झोपत जा. सर्व्हरवर केलेला प्रत्येक बदल तो एका वहीत लिहितो, पण हा लिहिला नव्हता. उपकारांची नोंद कोण ठेवतं.

वीस मिनिटांनी ती झोपायची. वीस मिनिटांनी तो विचारायचा, ठीक आहेस का. कधी प्रश्न आधी पोचायचा, कधी झोप. सेकंदा-दोन सेकंदांचा फरक. झोप आधी लागली, की प्रश्नाने ती दचकून उठायची, तिची तबकडी घरघरत फिरायला लागायची, वेग घ्यायची — चाळीस सेकंद — आणि सगळ्या डिस्कांचं बोलणं एकाच वायरीतून चालत असल्यामुळे ती उत्तर देईपर्यंत बाकी सगळे तोंडाला कुलूप लावून रांगेत. मग ती म्हणायची, ठीक आहे. आणि लॉगमध्ये ओळ पडायची.

तो हसला. खोलीत कुणी नव्हतं, तरी जरा मोठ्यानेच. मग त्याने विचारायच्या यादीतून त्या एका डिस्कचं नाव काढलं. एक ओळ. ओळही नाही, अर्धी.

चारला पाच कमी असताना सुटवाला मॅडमच्या खोलीत येऊन बसलेला होता, करारपत्र टेबलावर पसरलेलं, पेनाचं टोपण काढून ठेवलेलं.

"सापडलं?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"काय होतं?"

"मी."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने सांगितलं — झोप, प्रश्न, वायर, रांग — आणि सांगताना त्याला जाणवलं, की हे सगळं अपराधाच्या कबुलीसारखं ऐकू येतंय, पण त्यात आपला आवाज मात्र बक्षीस घ्यायला गेलेल्या मुलासारखा आहे.

"म्हणजे तू तिची चौकशी करत होतास," मॅडम सावकाश म्हणाल्या, "म्हणून माझ्या एकोणीस दाढा गेल्या."

"हो."

"होतं असं कधीकधी," सुटवाला समजूतदारपणे म्हणाला. "आमच्याकडे हा प्रश्नच नाही. आमची यंत्रणा दर सेकंदाला तपासते."

"दर सेकंदाला?"

"दर सेकंदाला. अहोरात्र."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या सासूबाई तशा होत्या," त्या म्हणाल्या.

सुटवाल्याने करारपत्र बोटभर पुढे सरकवलं.

"आठ दिवस," मॅडम त्याला म्हणाल्या आणि करारपत्र खणात टाकलं; फाडलं नाही, टाकलं. "आठ दिवसांत एक दाढ अडकली, की सही. आणि आता अडकणार नाही हे तुला कशावरून कळणार?"

"नाही कळणार," तो म्हणाला. "म्हणजे, अडकली तर कळेल. नाही अडकली तर... नुसतीच नाही अडकली."

"आणि त्या डिस्कचं? ती ठीक आहे का हे कोण बघणार?"

"कुणी नाही."

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो.

चार सतराला तो चक्कीच्या काचेसमोर उभा होता. चार सदतीसलाही. काकांनी मुद्दाम मोठी दाढ लावली होती, मागची, खालची. सुई खाली गेली, वर आली, टेकडीवरून घसरली, दरीत उतरली. त्याने श्वास धरला होता आणि सदतिसाव्या मिनिटाला काकांनी त्याच्या पाठीत हलकेच बुक्की मारली, श्वास सोड म्हणून. दाढ पूर्ण झाली. ठोकळ्यापासून सुटून ती खालच्या ट्रेमध्ये पडली, चारी बाजूंनी दाढ.

"घे. टाक बरणीत."

"ही बरणीत नाही जात, काका. ही तोंडात जाते."

"मग तोंड का असं केलंयस?"

कारण यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. आधीही कितीतरी सतरा आणि सदतीस सुखरूप गेले होते. उद्याही जातील, परवाही, आणि आठव्या दिवशी चार सत्तावन्नला... त्याने जिना चढायला घेतला. पूर्वी त्याच्याकडे बहात्तर ओळी होत्या, रोजच्या, त्याने न वाचलेल्या. आता त्या ओळी खोट्या होत्या, कारण त्या सर्व म्हणत होत्या आणि त्यात एक जण नव्हती.

पाचला तीन मिनिटं कमी होती. त्याने चक्करांची वही उघडली, पाचचा रकाना काढला, आणि मग, दाढा मांडल्या होत्या त्याच सवयीने, बोट वरून खाली नेलं. तीन, चक्कर. तीन, चक्कर. तीन, चक्कर, सौम्य. पाच, चक्कर — त्या दिवशी उशिरा झोपलो होतो म्हणाले होते. तीन. तीन. नऊला एकही नाही. बाराला नाही. आठला नाही...

नाही, असं एकदम काही ठरवायचं नाही. बाप म्हणजे डिस्क नव्हे. बापाला वायर एकच असते असं नाही. आणि चक्कर फोनवर येते, की फोनवर असते तेवढीच मला कळते? बाकीच्या दिवसभरात त्यांनी किती भिंती धरल्या, ते ते थोडेच सांगणार. ते तर फोन उचलल्या उचलल्याच म्हणतात, ठीक आहे. मी सांगितलंय तसं म्हणतात. दिवसाला पाच ओळी.

पाच वाजले.

त्याचा अंगठा नंबरावर होता. केला तर ते उठतील, झोपलेले असले तर, धावतील, भिंत. नाही केला तर... नाही केला तर पाच वाजून एक मिनिटाने ते खिडकीशी येतील आणि फोनकडे बघत उभे राहतील, याला काय झालं असेल म्हणून, आज तर याची नोकरी जायची होती. म्हणजे ते जागे असतील. म्हणजे करायला हरकत नाही. पण ते जागे नसले तर? ते जागे आहेत का, हे विचारायला फोन करावा लागेल... इथवर आल्यावर त्याला पुन्हा हसू आलं, पण या खेपेला ते अर्ध्यातच थांबलं, नेमकं कुठे थांबलं ते काकांनी सांगितलं असतं.

पाच वाजून चार मिनिटं. फोन गप्प होता. गप्प म्हणजे गोठलेला गप्प की नुसताच गप्प, कुणाला काही बोलायचं नाही म्हणून गप्प — बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग सुलटा. मग सर्व्हरच्या खोलीत गेलो, तिथे करण्यासारखं काही नव्हतं, आणि दारातच उभा राहिलो. खालच्या खणातून घरघर येत नव्हती. झोपली असेल. किंवा... आत जाऊन कान लावला असता तर कळलं असतं, पण दार जोरात उघडल्यामुळे आत वारा आला होता, आणि भिंतीला टांगलेल्या केबलींचा एक झुबका अजून सावकाश डोलत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी त्याच्याकडे बघत राहिलो. पाचचा रकाना कोरा होता. भीती होती, पण पारडं अजून हलत होतं, तिचा आकडा ठरला नव्हता. मी तो वाचला नाही. नुसता उभा राहिलो.